आधी तेल तपासा, मग शुद्धीकरण ठरवा : बायोडिझेल आणि हायड्रोट्रीटेड डिझेलसाठी कच्च्या तेलाची पारख

स्निग्धा

नैसर्गिक तेलापासून इंधन करायचे म्हटले की पहिला प्रश्न हमखास असा येतो : "एफएफए किती आहे?" एफएफए म्हणजे तेलात सुटी असलेली मुक्त मेदाम्ले. प्रश्न योग्य आहे, पण तेवढ्या एका आकड्यावरून शुद्धीकरणाची पद्धत ठरत नाही. ३ टक्के मुक्त मेदाम्ले असलेले कोरडे, गमरहित तेल (गम म्हणजे तेलातली चिकट, फॉस्फरसयुक्त द्रव्ये) एका साध्या उदासीनीकरणाने मार्गी लागते. १ टक्का एफएफए असूनही पाणी आणि गम भरलेले तेल मात्र धुताना असे दुधाळ होते की दोन दिवस थर सुटत नाहीत. म्हणून या धाग्यात तेलाची पूर्ण तपासणी आणि प्रत्येक निकालावरून काय करायचे, हे एकत्र आणू या. सुरुवात मी करते, जाणकारांनी भर घालावी.

नमुना. निम्म्याहून जास्त चुकीचे निकाल इथेच जन्मतात. टाकी किंवा पिंप थंड असताना पाणी, गम आणि साका तळाशी बसलेला असतो, घट्ट चरबी मध्ये असते आणि वरचे तेल नितळ दिसते. वरून पेलाभर काढून तपासले की सगळे झकास वाटते. शक्य असेल तर तेल ५० ते ६० अंश से. पर्यंत गरम करून ढवळा आणि ढवळत असतानाच नमुना घ्या. ढवळणे शक्य नसेल तर दोन्ही तोंडे उघडी असलेली लांब नळी वरचे तोंड अंगठ्याने दाबून तळापर्यंत न्या, तिथे अंगठा सोडून भरू द्या, पुन्हा दाबून बाहेर काढा आणि हा तळाचा नमुना वेगळा ठेवा. वर, मध्य आणि तळ असे तीन नमुने घेऊन तळाचा निकाल बाकीच्या दोघांपेक्षा फार वेगळा आला, तर आधी टाकी निवळू द्या आणि तळ काढून टाका. त्यानंतरच पुढचा आकडा विश्वासाचा.

एफएफए. १ लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात १ ग्रॅम केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड), हे मापाचे द्रावण. १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये २-३ थेंब फिनॉल्फ्थॅलीन (रंग बदलणारे सूचक) टाकून, तेल घालण्यापूर्वी, फिकट गुलाबी छटा येईपर्यंत याच द्रावणाने उदासीन करून घ्या. अल्कोहोल स्वतः थोडे आम्ल असते आणि ही पायरी गाळली तर तेलावर नसलेले आम्ल चढते. मग १ मिली तेल घालून किंचित गरम करा, विरघळले की टायट्रेशन, म्हणजे हे द्रावण मोजून थेंबथेंब घालणे. गुलाबी रंग १५ ते ३० सेकंद टिकला की थांबा. त्यानंतर रंग उडाला तरी पुढे घालत बसू नका, हवेतला कार्बन डायऑक्साइडही तो उडवतो.

हिशोब : १ मिली तेलाचे वजन साधारण ०.९२ ग्रॅम, त्यामुळे या द्रावणाचा प्रत्येक मिली म्हणजे सुमारे ०.५५ टक्के एफएफए. केओएचऐवजी लिटरला १ ग्रॅमच कॉस्टिक सोडा वापरला तर प्रत्येक मिलीला ०.७७ टक्के. हे दोन आकडे एकमेकांत मिसळले की सगळा पुढचा हिशोब बिघडतो, म्हणून बाटलीवर द्रावणाचे नाव आणि तारीख लिहा. नेमके सूत्र हवे तर : एफएफए टक्के = मिली × नॉर्मॅलिटी (द्रावणाची रासायनिक तीव्रता) × २८.२ ÷ तेलाचे वजन ग्रॅममध्ये. यातला २८.२ हा ओलिक आम्लासाठी. पाम तेलाला २५.६ आणि खोबरेल किंवा पाम कर्नेलसारख्या लॉरिक तेलांना २०.० धरतात. आम्लमूल्य (१ ग्रॅम तेलातले आम्ल उदासीन करायला लागणारे केओएच, मिलिग्रॅममध्ये) हवे असेल तर ओलिकवर काढलेल्या एफएफएला १.९९ ने गुणा.

पाणी, गम, धातू यांबद्दल पुढच्या प्रतिसादांत येऊ द्या.

ब्युरेट

स्निग्धाताई, सुरुवात उत्तम. टायट्रेशनबद्दल तीन गोष्टी जोडतो.

केओएचच्या पाकिटातला माल क्वचितच शंभर टक्के शुद्ध असतो, बहुतेक वेळा ८५ ते ९० टक्के, उरलेले मुख्यतः पाणी. शिवाय द्रावण उघडे राहिले की कार्बोनेट होऊन दुबळे पडते. तपासायला पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट हे सोपे मानक आहे. कोरडे केलेले ०.१०० ग्रॅम पाण्यात विरघळवून टायट्रेट करा. द्रावणात खरोखर लिटरमागे १ ग्रॅम केओएच असेल तर २७.५ मिली लागतील. ३१ मिली लागले तर द्रावण ठरल्यापेक्षा अकरा-बारा टक्के दुबळे आहे. ते फेकायची गरज नाही, येणाऱ्या प्रत्येक आकड्याला २७.५ ÷ ३१ ने गुणा.

दुसरे, एफएफए १ टक्क्याच्या खाली असेल तर १ मिली तेल पुरत नाही. दोन मिलीहून कमी द्रावण लागते आणि दोन-तीन थेंबांची चूक दहा टक्के ठरते. १० ग्रॅम तेल वजन करून घ्या, अल्कोहोल ५० मिली.

तिसरे, गडद तेलात गुलाबी रंग दिसतच नाही. तळणीचे जुने तेल आणि कच्चे भात-कोंड्याचे तेल यांत हा त्रास नेहमीचा. थायमॉल ब्लू किंवा अल्कली ब्लू ६बी हे सूचक वापरा, नाहीतर तेल निम्मे घेऊन अल्कोहोल दुप्पट करा. पीएच मीटर असेल तर सर्वांत बरे, मात्र अल्कोहोलमध्ये मीटरचा आकडा पाण्यातल्यासारखा खरा नसतो. ठरावीक आकडा गाठण्यापेक्षा पीएच जिथे एकदम उडी मारतो तो बिंदू पकडा.

कुतूहल

पाण्यासाठी कढईत तेल तापवून तडतड ऐकायची पद्धत सगळीकडे सांगितली जाते. ती कितपत पुरेशी आहे?

निवळी

कुतूहल, तडतड चाचणी "पाणी आहे की नाही" एवढेच सांगते, किती आहे ते नाही. थोडेसे तेल १२० अंशांच्या पुढे तापवायचे, चष्मा लावूनच. तडतडले तर ते तेल क्षारीय अभिक्रियेत, म्हणजे मेथॅनॉल आणि क्षार वापरून बायोडिझेल करताना, नक्कीच घालू नये. शांत राहिले तरी पाणी पाचशे पीपीएमच्या (दहा लाखांत पाचशे भागांच्या) खाली आहे असे मात्र म्हणता येत नाही.

आकडा हवा असेल तर कार्ल फिशर टायट्रेशन (पाणी मोजण्याची रासायनिक चाचणी) सर्वोत्तम. ते नसेल तर वजनघट : ५० ग्रॅम तेल मोठ्या बीकरमध्ये घेऊन हळूहळू १३० अंशांपर्यंत न्या, बुडबुडे थांबेपर्यंत हलवत राहा, थंड करून पुन्हा वजन करा. तराजू ०.०१ ग्रॅमचा हवा. ०.१ ग्रॅमच्या तराजूवर ५० ग्रॅम तेलात ०.२ टक्क्यांपेक्षा बारीक काही दिसणार नाही आणि आपल्याला हवी असलेली मर्यादा त्याच्याही खाली आहे. जवसासारखी फार असंतृप्त तेले तापवताना हवेतला ऑक्सिजन घेऊन वजन वाढवतात, त्यांचे पाणी खऱ्यापेक्षा कमी दिसते. अशा तेलांना निर्वात ओव्हन लागतो.

पाणी कोणत्या रूपात आहे हे प्रमाणाइतकेच महत्त्वाचे. ५० मिली तेल ६० अंशांवर नेऊन अपकेंद्री (सेंट्रिफ्यूज) नळीत दहा-पंधरा मिनिटे फिरवा आणि थर बघा. खाली स्वच्छ पाणी आले तर ते मोकळे पाणी आहे, तापवून निवळू दिले की टाकीच्या तळाच्या व्हॉल्व्हने निघेल. तेल आणि पाण्याच्या मध्ये पिवळट, दह्यासारखा थर आला तर गम किंवा साबणाने पाणी धरून ठेवले आहे. हे नुसत्या निवळण्याने सुटत नाही आणि नुसते वाळवलेत तर पाणी जाते, पण गम आणि साबण तेलातच राहतात. आधी गम काढा, मग वाळवा.

वाळवताना ९० ते १०५ अंश आणि ५० ते १०० मिलीबार निर्वात ही नेहमीची जोडी. निर्वात पंप नसेल तर उघड्या टाकीत तेल फवाऱ्याने फिरवत ठेवा. तळाला मोकळे पाणी असताना कधीही वेगाने तापवू नका. ते एकदम वाफ होऊन उसळते आणि गरम तेल बाहेर येते. भाजण्याचे गंभीर अपघात असेच होतात.

उत्प्रेरक

आत्तापर्यंतची चर्चा बायोडिझेलच्या चौकटीतली आहे. त्यात एक मोठा फाटा जोडणे गरजेचे वाटते. शुद्धीकरण तेलावर जितके अवलंबून आहे तितकेच पुढच्या प्रक्रियेवरही आहे.

मेथॅनॉल आणि क्षाराच्या अभिक्रियेला एफएफए आणि पाणी सर्वाधिक खुपतात, कारण दोन्हींमुळे साबण होतो. हायड्रोट्रीटिंगमध्ये, म्हणजे हायड्रोजनच्या दाबाखाली तेलातला ऑक्सिजन काढून हायड्रोकार्बन बनवताना, मुक्त मेदाम्लेही ट्रायग्लिसराइडसारखीच हायड्रोकार्बन होतात. तिथे एफएफएचा त्रास रसायनशास्त्राचा नसून धातूचा : गरम नळ्यांत साधे पोलाद गंजते आणि टाकीतले लोखंड साबण होऊन तेलात उतरते. म्हणून १५ टक्के एफएफएचे तेल योग्य पोलादाच्या यंत्रणेत थेट जाऊ शकते, तेच बायोडिझेलसाठी आधी एस्टरिफिकेशनशिवाय (मेदाम्लांचे मेथॅनॉलशी एस्टर केल्याशिवाय) निरुपयोगी.

उलट फॉस्फरस, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, लोह हे हायड्रोट्रीटिंगचे खरे शत्रू. ते उत्प्रेरकाच्या पहिल्या थरावरच साचतात, वर पापुद्रा धरतो, दाबातला फरक वाढत जातो आणि आतला उत्प्रेरक चांगला असतानाही रिॲक्टर बंद करावा लागतो. फॉस्फरस दोन-तीन पीपीएमच्या आत आणि एकूण धातू दहा पीपीएमच्या आत अशी मागणी सर्रास असते. नेमकी मर्यादा तंत्रज्ञान देणाऱ्याच्या कागदावर पाहावी.

गंधकाचे तर उलटेच आहे. निंबोळी तेलात गंधकयुक्त संयुगे भरपूर असतात. बायोडिझेलला ती अडचण, कारण ईएन १४२१४ या बायोडिझेलच्या युरोपीय मानकात गंधकाची मर्यादा १० मिग्रॅ प्रति किलो आहे. निकेल-मॉलिब्डेनमचा उत्प्रेरक मात्र सल्फाइड रूपातच काम करतो आणि तो तसा टिकवायला स्वच्छ वनस्पती तेलात गंधकाचे संयुग मुद्दाम घालावे लागते. पुढच्या टप्प्यात मौल्यवान धातूचा आयसोमरायझेशन (रेणूंची रचना बदलणारा) उत्प्रेरक असेल तर त्याआधी गंधक आणि अमोनिया पूर्ण काढून टाकावे लागतात, ही मेख विसरू नये.

क्लोराइड तर बायोडिझेलवाल्यांच्या तपासणीत सहसा नसतेच. हायड्रोट्रीटिंगमध्ये त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल होते, तेलातल्या नायट्रोजनपासून अमोनिया होतो आणि थंड होणाऱ्या भागात अमोनियम क्लोराइडचे क्षार बसतात. उष्णता विनिमयक तुंबतात, स्टेनलेस पोलादाला भेगा जातात. तळणीच्या तेलातले मीठ गरम पाण्याने धुऊन निघते, पण तेलाच्या रेणूलाच जोडलेला क्लोरीन धुण्याने निघत नाही. म्हणून एकूण क्लोरीन आणि धुतल्यानंतरचे क्लोरीन असे दोन आकडे काढा. फरक म्हणजे मीठ, उरलेले म्हणजे बांधलेले.

निवळी

उत्प्रेरक यांच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. त्याला धरूनच गमबद्दल लिहिते, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथे आहे.

गम म्हणजे फॉस्फोलिपिड. प्रयोगशाळा फॉस्फरसचा आकडा देते, त्याला २५ ने गुणले की गमचा अंदाज येतो : ४०० पीपीएम फॉस्फरस म्हणजे सुमारे १ टक्का गम. यातला काही भाग पाणी पिऊन फुगतो आणि तळाला बसतो. उरलेला भाग, मुख्यतः फॉस्फॅटिडिक आम्लाचे कॅल्शियम-मॅग्नेशियम क्षार, पाण्याला दाद देत नाही. तो सोडवायला आधी आम्ल घालून ते धातू पकडावे लागतात. निकृष्ट, भिजलेल्या किंवा जुन्या बियांच्या तेलात हा हट्टी भाग जास्त असतो, कारण बियांतले एन्झाइम साध्या फॉस्फोलिपिडचे तसे रूपांतर करते.

कोणता भाग किती, हे दोन बीकरमध्ये कळते. दोन्हीत २०० ग्रॅम तेल, ७० अंश. पहिल्यात ६ मिली गरम पाणी घालून अर्धा तास सावकाश ढवळा. दुसऱ्यात ५० टक्के सायट्रिक आम्लाचे द्रावण ०.४ ग्रॅम, दहा-पंधरा मिनिटे जोरात ढवळा, मग ६ मिली पाणी आणि अर्धा तास सावकाश. दोन्ही अपकेंद्रीत फिरवून वरचे तेल फॉस्फरससाठी पाठवा. दोन्ही आकडे जवळपास सारखे खाली आले तर साधे वॉटर डीगमिंग (पाण्याने गम काढणे) पुरे, आम्ल वाया घालवू नका. पहिल्यात १५० आणि दुसऱ्यात २० आले तर ॲसिड डीगमिंगला पर्याय नाही. दुसऱ्यातही ५० च्या वर राहिले तर आम्ल थोडे वाढवा, ढवळण्याचा जोर तपासा आणि तरी हटले नाही तर एन्झाइमचा विचार करा. फॉस्फोलिपेज वापरून दहा पीपीएमच्या खाली जाता येते, पण त्यासाठी तापमान आणि पीएच काटेकोर सांभाळावे लागतात.

आम्लाच्या पायरीत जोरात ढवळणे आवश्यक, कारण तेलात चमचाभर आम्ल बारीक कणांत पसरायला हवे. पाण्याच्या पायरीत तसेच जोरात ढवळले की फुगलेले गम फुटून इमल्शन (तेल-पाण्याचे न सुटणारे मिश्रण) होते. वेग न बदलणे ही इथली सर्वाधिक आढळणारी चूक. पाण्याचे प्रमाण गमच्या वजनाच्या पाऊणपट ते तितकेच पुरते. "जास्त पाणी म्हणजे जास्त स्वच्छ" हे इथे लागू नाही. जादा पाणी वेगळा थर होऊन तेल सोबत नेते. वरच्या प्रयोगातले ६ मिली हे ३ टक्के गमपर्यंत पुरेल इतके आहे. मोठ्या टाकीसाठी आकडा फॉस्फरसवरून काढा.

कुतूहल

थंडीत तेल गढूळ होते, तेव्हा लोक लगेच "गम आहे" म्हणतात. ते नेहमी गमच असते का?

स्निग्धा

नाही, आणि हा फरक ओळखला नाही तर चुकीचा उपचार होतो. गढूळ तेल ७०-८० अंशांवर न्या. पूर्ण नितळ झाले आणि थंड केल्यावर पुन्हा गढुळले, तर ते मेण किंवा घट्ट चरबीचे ट्रायग्लिसराइड. सूर्यफूल आणि भात-कोंड्याच्या तेलात मेण हमखास. ते डीगमिंगने जात नाही आणि गरम गाळल्याने तर नाहीच, कारण गरम असताना ते विरघळलेले असते. सावकाश थंड करून स्फटिक मोठे होऊ द्यायचे आणि थंडच गाळायचे. तापवूनही गढूळपणा राहिला तर पाणी, बारीक पेंड किंवा गम. १२० अंशांवर पाणी उडून नितळ झाले तर पाणीच होते.

प्राण्यांच्या चरबीत आणखी एक प्रकार आढळतो : पॉलिथिलीन. पॅकिंगचे प्लॅस्टिक चरबी वितळवताना विरघळते आणि पुढे नळ्यांत, फिल्टरवर, बर्नरच्या तोंडाशी पापुद्र्यासारखे बसते. ते गरम असताना गाळणीतून आरपार जाते. चरबी पातळ राहील इतपतच तापमान खाली आणून, फिल्टर-एडच्या (गाळायला मदत करणाऱ्या भुकटीच्या) थरावरून गाळणे हाच उपाय.

ब्युरेट

एफएफए जास्त निघाल्यावर काय, याचा हिशोब कुणी मांडलेला नाही, तो मांडतो.

क्षारीय अभिक्रियेसाठी अर्ध्या टक्क्याखाली एफएफए आणि ०.१ टक्क्याखाली, जमल्यास ०.०५ टक्क्याखाली पाणी हे लक्ष्य. १ टक्क्यापर्यंत चालून जाते, थोडा जादा क्षार आणि थोडे नुकसान सोसावे लागते. अडीच-तीन टक्क्यांच्या वर साबण इतका होतो की ग्लिसरीन वेगळे होत नाही.

मधल्या पट्ट्यात, म्हणजे साधारण १ ते ४-५ टक्क्यांत, कॉस्टिकने उदासीनीकरण करता येते. १ किलो मुक्त मेदाम्लाला ०.१४२ किलो कॉस्टिक, वर दहा ते तीस टक्के जादा. तयार होणारा सोपस्टॉक (साबणाचा गाळ) सोबत चांगले तेलही नेतो, म्हणून एफएफए वाढला की तोटा त्याहून वेगाने वाढतो. त्या पलीकडे आम्ल-एस्टरिफिकेशन.

उदाहरण घ्या : १०० किलो कोरडे तेल, एफएफए ८ टक्के. मेदाम्ल ८ किलो. त्याच्या २.२५ पट मेथॅनॉल म्हणजे १८ किलो, आणि मेदाम्लाच्या वजनाच्या ५ टक्के सल्फ्युरिक आम्ल म्हणजे ०.४ किलो. ६० अंशांवर तासभर. आम्ल नेहमी मेथॅनॉलमध्ये हळूहळू सोडायचे, मेथॅनॉल आम्लात कधीच नाही. मेथॅनॉलची वाफ विषारी आणि सहज पेटणारी आहे, त्यामुळे बंद भांडे, कंडेन्सर आणि ठिणगी न उडवणारी मोटर यांवर तडजोड नको.

या अभिक्रियेत ८ किलो मेदाम्लापासून सुमारे ०.५ किलो पाणी तयार होते आणि तेच तिला मध्येच अडवते. आधीच ओल्या तेलात ती सुरूच अर्धवट अवस्थेतून होते. नंतर स्थिर ठेवले की मेथॅनॉल, पाणी आणि बरेचसे आम्ल असलेला थर बहुधा वर येतो, तो काढायचा. एफएफए अजून १ टक्क्याच्या वर असेल तर ताजे मेथॅनॉल आणि आम्ल घेऊन दुसरी फेरी.

इथे टायट्रेशनचा सापळा आहे. नमुन्यात उरलेले सल्फ्युरिक आम्लही क्षार खाते आणि एफएफए जसाच्या तसा दिसतो. ०.४ किलो सल्फ्युरिक आम्ल पूर्ण उदासीन करायला ०.३३ किलो कॉस्टिक लागतो, यावरून त्याचा भार किती ते कळेल. नमुना कोमट पाण्याने दोनदा धुऊन, वाळवून मगच टायट्रेट करा.

उत्प्रेरक

ब्युरेट यांचा हिशोब बरोबर आहे, फक्त त्याआधी एक अट घालतो : गम काढल्याशिवाय सल्फ्युरिक आम्ल घालू नये. फॉस्फोलिपिड आणि पेंडीचे प्रथिन त्यात करपून काळा चिकट गाळ होतो, तो भांड्याला धरतो आणि आम्लही खातो.

एफएफए १५-२० टक्क्यांवर असेल तर आणखी दोन वाटा आहेत. एक, ग्लिसरीनसोबत २०० ते २२० अंशांवर निर्वातात तापवणे. पाणी वाफेने निघून जाते, मेथॅनॉल लागत नाही आणि बायोडिझेलच्याच ग्लिसरीनचा उपयोग होतो. त्यासाठी तेवढे तापमान देणारी यंत्रणा हवी. दुसरी, २४० ते २६० अंशांवर खोल निर्वातात वाफेने मेदाम्ले उडवून वेगळी जमा करणे. तेल कमी वाया जाते आणि मेदाम्लांचे वेगळे एस्टर करता येते. पण या वाटेने जायचे तर फॉस्फरस आधीच दहा पीपीएमच्या आत हवा, नाहीतर त्या तापमानाला तेल काळे पडते आणि भांड्यात थर जमतो.

कुतूहल

ब्लीचिंग मातीचे (तेलातली अशुद्धी शोषणाऱ्या मातीचे) प्रमाण कसे ठरवायचे? तेलाचा रंग बघून?

निवळी

इंधनासाठी रंगाला जवळजवळ अर्थ नाही. खाद्यतेल उद्योगातून आलेली ही सवय माती आणि तेल दोन्ही वाया घालवते. इंधनाच्या तेलात माती वापरायची ती उरलेला फॉस्फरस, धातू आणि साबण धरायला. म्हणून ०.५, १ आणि २ टक्के अशा तीन मात्रा छोट्या प्रमाणावर करून फॉस्फरस आणि धातू मोजा. १ आणि २ मध्ये फरक पडत नसेल तर १ पुरे.

९० ते १०५ अंश, निर्वात, २० ते ३० मिनिटे. साबण आधी तपासा, कारण शेकडो पीपीएम साबण असलेले तेल मातीवर नेले की तिची छिद्रे बुजतात आणि फिल्टर तुंबतो. साबण मोजणे सोपे आहे : पाण्याचा अंश असलेल्या उदासीन ॲसिटोनमध्ये तेल, ब्रोमोफिनॉल ब्लू सूचक, ०.०१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने हिरव्या-निळ्यापासून पिवळ्यापर्यंत. मिली × नॉर्मॅलिटी × ३०४,४०० ÷ ग्रॅम म्हणजे सोडियम ओलिएटवर पीपीएम. जास्त आला तर आधी सायट्रिक आम्लाच्या पाण्याने धुवा किंवा सिलिका वापरा. सिलिकेला थोडी ओल लागते, मातीला नको. म्हणून क्रम असा : ओल्या तेलात सिलिका, मग वाळवणे, मग माती.

वापरलेली माती स्वतःच्या वजनाच्या पाव हिस्सा किंवा जास्त तेल धरते. असंतृप्त तेल बारीक मातीवर पसरले की हवेशी अभिक्रिया होऊन आपोआप तापते आणि पेट घेते. गरम केक ढीग करून ठेवू नका. पाणी शिंपडून, झाकणाच्या धातूच्या पेटीत, इमारतीपासून लांब.

स्निग्धा

तळणीच्या तेलाचा स्वतंत्र उल्लेख करते. ते मुळात रिफाइंड असल्याने फॉस्फरस सहसा कमी असतो, त्यामुळे सवयीने पूर्ण डीगमिंग करणे बहुधा निरर्थक. त्यात असते ते पाणी, अन्नाचे कण, मीठ, साबण आणि तापून जोडले गेलेले रेणू. पहिल्या चारांसाठी गाळणे, सायट्रिकच्या पाण्याने एक धुणे आणि वाळवणे पुरते. पाचवी गोष्ट, पॉलिमर, कुठल्याच साध्या शुद्धीकरणाने जात नाही. ते एस्टर ऊर्ध्वपातनाच्या तळाला राहतात, हायड्रोट्रीटिंगमध्ये उत्प्रेरकावर कोक होतात. ४० अंशांवरची स्निग्धता ताज्या तेलाच्या तुलनेत किती चढली, यावरून त्यांचा अंदाज येतो. जास्त असेल तर चांगल्या तेलात मिसळून प्रमाण खाली आणणे एवढेच हाती असते.

खवटपणासाठी पेरॉक्साइड मूल्यावर एकट्यावर विसंबू नका. ते आधी चढते आणि पेरॉक्साइड मोडू लागली की उतरते, म्हणजे फार खराब तेलही "चांगले" दिसते. सोबत ॲनिसिडिन मूल्य घ्या, ते पेरॉक्साइड मोडून बनलेली द्रव्ये मोजते. पेरॉक्साइडची दुप्पट अधिक ॲनिसिडिन ही बेरीज दोन्ही टप्पे पकडते.

कुतूहल

मिसळण्याचा विषय निघालाच आहे तर : जास्त एफएफएचे तेल कमी एफएफएच्या तेलात मिसळून मर्यादेत आणणे योग्य का?

ब्युरेट

एफएफएचा हिशोब सरळ आहे. १ टन १२ टक्क्यांचे आणि ५ टन ०.८ टक्क्यांचे मिसळले तर (१२ + ४) ÷ ६, म्हणजे २.७ टक्के. दिसायला वाईट नाही, पण आता सहाच्या सहा टनांवर उपचार करावा लागणार, जिथे आधी एकाच टनावर पुरला असता. अगदी थोडे वाईट तेल असेल आणि मिश्रण अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहणार असेल तरच मिसळा. गमवाले आणि साबणवाले तेल एकत्र आणू नका, दोन्ही इमल्शन करणारी द्रव्ये एकमेकांना बळ देतात.

कुतूहल

शेवटचा प्रश्न. टायट्रेशन, पाणी, अपकेंद्री हे जागेवर जमते. बाहेरच्या प्रयोगशाळेतून एकच चाचणी करून घ्यायची असेल तर कोणती?

उत्प्रेरक

आयसीपीने (प्लाझ्मा वापरून मूलद्रव्ये मोजणाऱ्या यंत्राने) मूलद्रव्ये : फॉस्फरस, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, लोह, सिलिकॉन. जागेवर न कळणारे बरेचसे यात येते. फॉस्फरससोबत कॅल्शियम-मॅग्नेशियम चढे असतील तर हट्टी गम, सोडियम एकटा चढा असेल तर मीठ किंवा साबण, लोह चढे असेल तर टाकी गंजते आहे, सिलिकॉन असेल तर माती-धूळ किंवा तळताना घातलेले फेसरोधक. बायोडिझेल विकायचे असेल तर तयार मालातही सोडियम व पोटॅशियम मिळून ५, कॅल्शियम व मॅग्नेशियम मिळून ५ आणि फॉस्फरस ४ मिग्रॅ प्रति किलो ही ईएन १४२१४ ची मर्यादा गाठावीच लागते.

नमुना काचेच्या नव्हे, नव्या कोऱ्या प्लॅस्टिकच्या बाटलीत पाठवा, काचेतून सोडियम उतरू शकते. बाटली तीन-चतुर्थांशच भरा म्हणजे हलवता येईल, आणि मागणीपत्रावर ठळक लिहा : "६० अंशांपर्यंत गरम करून, पूर्ण हलवून मगच भाग घ्यावा." प्रवासात गम तळाला बसतो. वरचे नितळ तेल मोजले गेले तर फॉस्फरस खऱ्यापेक्षा खूप कमी येईल आणि डीगमिंग लागणारच नाही असा कागद हातात पडेल. अपकेंद्री नळीत मधला थर दिसत असताना आयसीपीचा फॉस्फरस पाच-दहा पीपीएम आला, तर नमुना पुन्हा पाठवा.